तेवीस नंबरचा आवाज

७ जानेवारी

काकू,

मायन्यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. 'आदरणीय' लिहिलं तर ते प्राचार्यांना रजेचा अर्ज केल्यासारखं दिसायला लागलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं काकू राहिलं. तुमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा हेच म्हटलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, "काकू म्हणायचं असेल तर भांडी पण घासायची." मी घासली होती. तुमच्या मुलीने एकही घासलं नाही. ती ओट्यावर पाय हलवत बसून आपल्या दोघींना सूचना देत होती.

मी पोपट. अक्षरावरून ओळखलं असेलच. गेल्या जूनमध्ये तुम्ही माझ्या तोंडावर दार लावून घेतलंत, त्यानंतर मी तुम्हाला त्रास दिलेला नाही. आताही दिला नसता. पण एक बातमी आहे आणि ती तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळावी असं मला वाटत नाही.

निवड यादी लागली. आमच्या कॉलेजच्या तुकडीतून सहा जण डिग्री हातात पडताच थेट सैन्यात अधिकारी होणार. त्यात माझं नाव पहिलं आहे. पाच एप्रिलला शपथ. बाबांनी ही बातमी डेपोत अशा थाटात सांगितली की आता त्यांच्या बसवरचा कंडक्टर त्यांना विचारतो, "साहेबांचे वडील, घंटी मारू का?" बाबा खूश आहेत. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

यादीत दोन नावं हवी होती. खांद्यावरची पट्टी दोघींनी एकाच दिवशी लावायची, एक मागे राहिली तर दुसरीनेही लावायची नाही, असं आम्ही पहिल्या वर्षी ठरवलं होतं. अठराव्या वर्षी माणूस काहीही ठरवतं, हे मला कळतं.

आता तुकडीची हजेरी मी घेते. पहिल्या आलेल्या कॅडेटला ते काम मिळतं. भोंगा, म्हणजे आमचा कवायतीचा मास्तर, वही माझ्या हातात देतो आणि बाजूला उभा राहतो. मी नंबर पुकारते. बावीस माझा, तो मीच पुकारते आणि मीच हजर म्हणते. मग चोवीस. मधल्या तेवीसवर पट्टी ठेवून लाल रेघ मारली आहे. रोज त्या रेघेवर माझी जीभ अडखळते आणि रोज मैदानावर एका श्वासाइतकी शांतता पडते. मग चोवीस नंबरची मुलगी हजर म्हणते, आणि तिला उगाचच शरमल्यासारखं होतं.

कॉलेजने तुम्हाला जो कागद पाठवला त्याची प्रत माझ्याकडे आहे. 'चोवीस किलोमीटरच्या रूट मार्चमध्ये कॅडेट क्रमांक तेवीस दुसऱ्या थांब्यावर हजर होती. त्यानंतर परवानगी न घेता तुकडी सोडून ती माघारी फिरली व उष्माघाताने दगावली.' त्या 'माघारी'मुळे जिन्यातल्या फलकावर तिचं नाव नाही. तिथे फक्त तुकडीबरोबर असताना गेलेल्यांची नावं लावतात. तुम्ही मला दारात तेच विचारलं होतंत. "माझी मुलगी पळाली का गं?"

मी म्हणाले होते, माहीत नाही, काकू. आजही माहीत नाही.

बातमी सांगायची होती, सांगितली.

पोपट

२२ जानेवारी

काकू,

उत्तर आलं नाही. पण पत्रही परत आलं नाही, म्हणजे तुम्ही ते उचलून आत नेलंत, एवढं मी धरून चालते. वाचलंत की ओट्यावरच्या डब्याखाली ठेवलंत, देव जाणे.

माझं नाव पोपट कसं पडलं हे तिने तुम्हाला कधी सांगितलं नसणार. तुम्हाला वाटायचं, मी फार बडबडते म्हणून. तसं नाही. पहिल्या वर्षी सकाळी कवायत असायची आणि तिच्या पाठोपाठ अर्थशास्त्राचा तास. कवायत संपली की तुमच्या लेकीचे डोळे मिटायला लागायचे. ती बूट न काढता खोलीवर जाऊन आडवी व्हायची आणि मी वर्गात दोघींची हजेरी लावायचे. आधी माझ्या आवाजात, मग मान खाली घालून तिच्या.

तो आवाज काढणं सोपं नव्हतं. सगळे तिला घोगरी म्हणायचे. तुम्ही चिडायचात, "माझ्या मुलीला काय नाव ठेवलंय मेल्यांनी!" पण घोगरी म्हणजे नुसता जड घसा नव्हे. तिचा 'ह' जरा उशिरा सुटायचा आणि पुढे 'जर'वर आवाज फाटायचा, सर्दी झाल्यासारखा. मी दोन आठवडे न्हाणीघरात सराव केला. ती बाहेर बादलीवर बसून परीक्षा घ्यायची. "अजून फाड. अजून. आता जास्त फाडलास, शिवून घे." शेवटी एक दिवस ती म्हणाली, "थांब, मी आत आहे का बाहेर?" तेव्हा मी पास झाले. पोपट हे नाव तिनेच ठेवलं.

अशी प्रॉक्सी सगळं कॉलेज मारायचं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मैत्रीण म्हटलं की वही द्यायची, छत्री द्यायची आणि हजेरी मारायची.

हे आज लिहायचं कारण म्हणजे गेल्या गुरुवारी भोंगाने स्वतः हजेरी घेतली. तुकडीचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. बावीस पुकारलं. मी तोंड उघडलं. 'ह' उशिरा सुटला.

काकू, तो माझा आवाज नव्हता. तिचाच होता, फाटका. मी काढला नव्हता. चोवीस नंबरची मुलगी रांग सोडून दोन पावलं मागे सरकली. कवायतीच्या मैदानावर असं कोणी सरकत नाही. भोंगा, जो साधं 'पाणी दे' सुद्धा तीन मजले ऐकू जाईल असं म्हणतो, तो हळूच म्हणाला, "घसा बसलाय का?" मी माझ्या आवाजात हो म्हटलं. "मिठाच्या पाण्याने गुळण्या कर." असं म्हणून त्याने चोवीस पुकारलं.

ही दुसरी वेळ. त्याआधी भांडारात बुटाचं माप विचारलं तेव्हा मी त्याच आवाजात पाच म्हणाले. माझं माप सहा आहे. पाच तिचं होतं. भांडारवाल्याने पाचचे बूट आणून दिले आणि मी ते मुकाट्याने घेऊन खोलीवर आले. ते तिच्या पलंगाखाली ठेवले आहेत. पलंग अजून रिकामाच आहे, तिथे कोणी राहायला यायला तयार नाही.

मी भित्री नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हल्ली मी लोकांशी बोलताना आधी मनात बोलून बघते, कोणाच्या आवाजात येतंय ते.

पोपट

६ फेब्रुवारी

काकू,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ती माघारी का फिरली हे मला माहीत नाही. ते खोटं आहे. ती माघारी फिरलीच नव्हती.

आता न थांबता लिहिते. थांबले तर हेही पत्र फाडेन. याआधीची दोन फाडली आहेत.

गेल्या मेमधल्या त्या रूट मार्चच्या आठवडाभर आधी अडथळ्यांच्या भिंतीवरून उतरताना तिचा घोटा मुरगळला होता. तिने कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरने मार्चला जाऊ दिलं नसतं तर वर्ष बुडालं असतं. मी रोज पट्टी बांधून द्यायचे आणि वर मोजा चढवायचे. चोरी लपवायला मदत करताना मला मजाच वाटत होती.

पहाटे सहाला निघालो. पहिला थांबा दगडी पुलावर, दुसरा जुन्या वीटभट्टीवर, तिथून पुढे ट्रक उभे होते तिथे शेवट. प्रत्येक थांब्यावर मोजणी. पुलावर ती माझ्या शेजारी होती. तिने स्वतः हजर म्हटलं. पुढे रस्ता कोरड्या कालव्याच्या कडेने जातो. तिथे ती मागे पडायला लागली. ऊन चढलं होतं. मला म्हणाली, "तू हो पुढे. मी पाच मिनिटं टेकते आणि गाठते तुम्हाला. भट्टीवर माझं तेवढं बघ."

माझं तेवढं बघ. वर्गाला दांडी मारताना ती हेच म्हणायची. मी वळूनही बघितलं नाही, काकू. नुसता हात वर केला.

भट्टीवर सगळे पाठपिशव्यांवर आडवे झाले होते. भोंगा सावलीत बसून मान वर न करता नंबर घेत होता. बावीस. हजर. तेवीस.

मी तोंडावर टोपी घेतली आणि हजर म्हटलं. फार छान निघाला होता तो. मला आठवतं, मनात आलं, ही आली की हिला सांगायचं, आज मी तुझ्यापेक्षा चांगली घोगरी झाले.

ती आली नाही. मला वाटलं, रांगेच्या शेपटाला येऊन मिळाली असेल. ट्रकपाशी पोचलो तेव्हा मोजणीत एक कमी. भोंगाने वही बघितली, तेवीस भट्टीवर हजर. म्हणून शोध भट्टी ते ट्रक एवढ्याच पट्ट्यात सुरू झाला. ती भट्टीच्या अलीकडे होती. कालव्यात उतरली होती, सावलीसाठी. रस्त्यावरून दिसत नव्हती.

आणि मी गप्प बसले. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. सुरुवातीला वाटलं, आता येईल लंगडत आणि उगाच दोघी सापडू. मग वाटलं, आता सांगितलं तर एवढा वेळ का नाही सांगितलंस म्हणून विचारतील. दर पाच मिनिटांनी सांगणं जास्त अवघड होत गेलं. एकदा मी भोंगाला म्हणाले, "सर, भट्टीच्या मागेही बघू या का?" तो ओरडला, "भट्टीवर होती ती! मी स्वतः आवाज ऐकलाय तिचा!" मला तेव्हा बोलता आलं असतं. मी पुन्हा ट्रकच्या बाजूला शोधायला लागले.

अडीच तासांनी पाण्याच्या टँकरच्या उंच केबिनमधून ड्रायव्हरला ती दिसली. ती भट्टीच्या अलीकडे सापडली आणि भट्टीवर तर तिची हजेरी होती, म्हणून सगळ्यांनी एकच अर्थ काढला. माघारी फिरली. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, "तासाभरापूर्वी आणली असती तर..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. ते मी रोज पूर्ण करते.

तुमची मुलगी पळाली नाही. तिने शेपूट घातलं नाही. ती बसली, आणि मी येईन म्हणून थांबली.

मी तुमच्या दारात मूग गिळून उभी राहिले होते. दार लावलंत ते बरोबर केलंत.

माझं नाव काय लिहू, कळत नाही.

१० फेब्रुवारी

काकू,

आज मोठ्या साहेबांकडे गेले होते. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की ते उठून ओरडतील. ते उठले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सगळं ऐकलं. टेबलावरची टाचण्यांची डबी या बाजूची त्या बाजूला केली. मग म्हणाले, "हे अजून कोणाला सांगितलंयस?"

"तिच्या आईला. पत्राने."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही."

माणूस वाईट नाहीत. "हे बघ," ते म्हणाले, "फाईल बंद झाली आहे. ती मुलगी परत येणार नाही. तू चांगली अधिकारी होशील, हे मी तोंडावर सांगतो. तू हे लेखी दिलंस तर यादीतून तुझं नाव जाईल. कदाचित कायमचं. तुझी जागा सातव्याला मिळेल, तो दहा किलोमीटर सुद्धा धड चालू शकत नाही. यात कोणाचं भलं झालं ते मला सांग."

खरं सांगते काकू, ते असं बोलले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी सांगून मोकळी झाले होते आणि माझं काही गेलंही नव्हतं. "दोन दिवस विचार कर," असं ते म्हणाले आणि मी कडक सलाम ठोकून बाहेर आले.

जिन्यात तो फलक आहे. पितळी पट्ट्यांवर नऊ नावं, दहाव्या पट्टीला नुसती भोकं पाडून ठेवली आहेत. त्यासमोर भोंगा बुटाची नाडी बांधत होता. त्याने पहिल्या वर्षी आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं, "नकाशा चुकला तर वाट विचारता येते. बंदूक अडली तर दुसरी घेता येते. मोजणी चुकली तर माणूस जातं. अधिकारी म्हणजे काय? ज्याला आपली माणसं किती ते माहीत असतं, तो." तेव्हा आम्ही मागच्या रांगेत हसत होतो. तिने त्याची नक्कल करायला सांगितली होती आणि मी केली होती.

मी त्याला म्हणाले, "सर, त्या दिवशी भट्टीवर तुम्ही ऐकलेला आवाज माझा होता."

तो नाडी तशीच सोडून पायरीवर बसला. एवढा मोठा माणूस. इतके महिने तो सगळ्यांना सांगत होता की मी स्वतः ऐकलं, माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाला, "मी मान वर केली नाही. मान वर केली असती तर दिसलं असतं." मग म्हणाला, "लेखी दे. मीही देतो."

आज रात्री लिहून काढणार आहे. त्याआधी हे पत्र, कारण उद्या माझं धैर्य किती उरेल, सांगता येत नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी शपथेच्या दिवसासाठी रजा टाकली आहे.

२६ फेब्रुवारी

काकू,

यादीतून माझं नाव गेलं. पुन्हा अर्ज करता येईल का, हे कोणी धड सांगत नाही. डिग्रीची परीक्षा देता येईल. पहिल्या कॅडेटची खांद्यावरची फीत काढून घेतली, हजेरीची वही चोवीस नंबरकडे गेली.

बाबांना सांगितलं तेव्हा ते बस धूत होते. पाण्याची नळी तशीच चालू राहिली, माझ्या चपला भिजल्या. बाबा म्हणाले, "अडीच तास?" मी हो म्हटलं. त्यांनी नळ बंद केला. दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं. काय शब्दांत, ते मला कळलं नाही. आता घंटीची चेष्टा कोणी करत नाही.

काल चौकशीच्या खोलीत मला बोलावलं होतं. जुनी वही टेबलावर होती, रूट मार्चची. हजेरीच्या कारकुनाने दुसऱ्या थांब्याच्या रकान्यातलं तेवीससमोरचं 'हजर' कापलं, वर लाल शाईने 'गैरहजर' लिहिलं आणि सही केली. एवढंच. भट्टीवर ती गैरहजर होती, म्हणजे ती तिथे पोचलीच नव्हती, म्हणजे माघारी फिरण्याचा प्रश्नच नाही. तुमच्या लेकीला कॉलेजात कधी कोणी गैरहजर लिहू शकलं नव्हतं, मी लिहूच दिलं नाही. तिचं नाव साफ करायला शेवटी तेच लिहावं लागलं. नवा कागद तुम्हाला येईल. दहावी पट्टीही बसणार आहे.

मला वाटलं होतं, आता आवाज थांबेल. थांबला नाही. वसतिगृहाच्या बाईंनी सकाळी दार वाजवून कोण आहे विचारलं, तेव्हा आतून ती बोलली. तेव्हा मला कळलं, अजून एक राहिलं आहे.

हे कोणत्याही कागदात नाही. मी सांगितलं नाही तर जन्मात कोणाला कळणार नाही. आणि सांगितलं तर तुमच्याकडे उरलेली शेवटची गोष्ट मी काढून घेईन. म्हणून पंधरा दिवस हातचं राखून लिहीत होते.

रूट मार्चच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही फोन केला होतात. तुमचं आणि तिचं त्याआधी भांडण झालं होतं. तुम्ही म्हणाला होतात, हे सैन्याचं खूळ सोड, इस्पितळात माझ्याशेजारी खुर्ची रिकामी होते आहे. ती म्हणाली होती, आयुष्यभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे फोन जोडत बसायला मी तुझ्यासारखी नाही. आठ दिवस तिने तुमचा फोन घेतला नव्हता. त्या संध्याकाळीही ती पाय बादलीत घालून बसली होती. फोन वाजला तर तिने तो माझ्याकडे सरकवला. "तू बोल. माझ्या आवाजात. नाहीतर आई रात्रभर फोन करत बसेल."

मी बोलले. तुम्ही विचारलंत, "बरी आहेस ना?" मी तिच्या आवाजात म्हणाले, "मी एकदम ठणठणीत. आई, तू जेवलीस का?" तुम्ही जरा थांबलात. मग म्हणालात, "जेवले." मी म्हणाले, "माझ्यावर रागावू नकोस. त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले." तुम्ही म्हणालात, "नाही रागावले. उद्या पाणी पीत राहा." मी फोन ठेवला. तुमची मुलगी पोट धरून हसत होती. वीस वर्षं इस्पितळाच्या फोनवर बसून हजारो आवाज ओळखणारी बाई, आणि मी तिला फसवलं, याचा मला अभिमान वाटला होता.

अंत्यविधीच्या दिवशी तुम्ही येईल त्याला सांगत होतात, "आदल्या दिवशी गोड बोलली माझ्याशी. माफी मागितली." मी तुमच्या मागे उभी होते.

ती बोललेली नव्हती, काकू. मी होते. तिने माफी मागितली नव्हती. तिला मागायची नव्हती, असंही नाही, मार्चहून आल्यावर फोन करते म्हणाली होती. पण हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे का, याची आता मलाच खात्री नाही. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

६ एप्रिल

काकू,

काल आपण तीन तास शेजारी बसलो होतो, तरी बोलता आलं नाही. म्हणून पुन्हा कागद.

तुमची चिठ्ठी गेल्या महिन्यात मिळाली ती मी पाकिटात घेऊन फिरते. इस्पितळातली निरोपाची छापील चिठ्ठी, वर 'कोणाकडून', 'कोणासाठी', 'निरोप'. कोणाकडून: आई. कोणासाठी: पोपट. आणि निरोपाच्या चार ओळींत मावेना म्हणून मागच्या बाजूलाही:

'फोनवर तू होतीस हे मला पहिल्याच वाक्याला कळलं. माझ्या मुलीने जन्मात कधी मला जेवलीस का विचारलं नव्हतं. तिला फोन दे, असं म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं नाही, कारण तू गोड बोलत होतीस आणि मला ते ऐकायचं होतं. म्हटलं असतं तर कदाचित तिने पायाचं सांगितलं असतं. लोकांना मी खोटं सांगत होते, मलाही माहीत होतं. कागदात भट्टीवर हजर असं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की तो हजर कोणाचा. जी मला फसवायला बघते ती मास्तरांना सोडेल का? म्हणून दारात विचारलं. तू माहीत नाही म्हणालीस म्हणून दार लावलं. तेव्हापासून वाट बघते आहे. पाच तारखेला येते. मला तिथलं काही माहीत नाही, तू फाटकापाशी थांब.'

मी फाटकापाशी सकाळी सातपासून थांबले होते. बाबाही आले होते, टाकलेली रजा त्यांनी परत घेतली नाही. तुम्ही दोघं एकमेकांना नमस्कार करून बसलात, आणि मी मधे.

शपथेच्या आधी फलकावरची नावं पुकारतात, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. एकेक नाव, एकेक नंबर, आणि प्रत्येकानंतर शांतता. नऊ झाली. भोंगाने दहावं नाव पुकारलं. घोगरी नाही, तुम्ही ठेवलेलं नाव, पूर्ण. मग, "तेवीस."

माझं तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर तो उशिराचा 'ह' येऊन बसला. सगळ्या मैदानावर कोणीच काही बोलत नव्हतं आणि मला वाटलं, कोणीतरी बोलायलाच हवं, ती अशी बिनउत्तराची कशी राहील, माझं तेवढं बघ म्हणाली होती ती.

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. समोर बघत माझ्या मनगटावर हात ठेवलात आणि म्हणालात, "राहू दे."

मी राहू दिलं. मग भोंगाने, ज्याचा आवाज तीन मजले जातो त्याने, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हटलं, "गैरहजर." आणि मान वर करून सगळ्या रांगेवरून एकदा नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावरून.

नंतर सहा जणांनी शपथ घेतली. सातवा शेवटी उभा होता, त्याने सगळ्यांत मोठ्याने घेतली. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं ते तेव्हा, आधी नाही. मला ती पट्टी फार हवी होती, काकू. हे तरी तुमच्याशी खोटं बोलायचं नाही.

फाटकापाशी रिक्षा थांबवताना तुम्ही मला विचारलंत, "जेवलीस का?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण आवाज माझाच होता, आणि तुम्ही तो ओळखलात.

रविवारी येते. भांडी ठेवा.

पोपट